ग्रोटेंच्या शेतातली वाट

९ ऑगस्ट, शनिवार

“नव्या गावात आधी चालून घ्यावं, मग बोलावं.”

लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला हे ऐकवलं होतं. त्याला एकोणीस वर्षं झाली. विट्याजवळच्या त्यांच्या गावी मी ओसरीवर अंग चोरून उभी होते. बायका नाव घे, नाव घे म्हणून मागे लागल्या होत्या आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आईंनी मला चपला घालायला लावल्या आणि सगळ्यांदेखत बाहेर काढलं. विहीर, शाळा, पाणंद, म्हसोबाचा माळ असं फिरवून तासाभराने घरी आणलं. परत आल्यावर मी नाव घेतलं, तेही दोनदा.

आज हे आठवायचं कारण असं की आई परवा फ्रँकफर्टला उतरल्या आणि आज सकाळी चहाचा कप धरून खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, “चार वर्षं झाली ना तुम्हाला या गावात? त्या पवनचक्क्यांच्या अलीकडे काय आहे गं?”

मला सांगता आलं नाही. ब्राउनश्वाइगहून निघालेली बस पस्तीस मिनिटांत मला इथे सोडते. बसस्टॉप, बेकरी, मी अर्धा दिवस काम करते ती बालवाडी आणि घर, एवढंच माझं गाव. पुण्यात बारा वर्षं मी मुलांना भूगोल शिकवला. आणि माझ्याच घरामागे काय आहे ते मला ठाऊक नाही.

फ्राऊ ओलमान चर्चचं महिन्याचं पत्रक काढतात. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. जूनमध्ये बेकरीत त्यांनी मला विचारलं होतं, गावाभोवतीच्या सहा छोट्या वाटा लिहून द्याल का? एकेक पान, तासाभराच्या आत पुऱ्या होणाऱ्या. “आम्हाला काही दिसतच नाही हो आता. तुम्हाला दिसेल.” मी हो म्हणाले आणि विसरून गेले. माझ्या जर्मनमध्ये कोण काय वाचणार?

आज आईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग उद्यापासून निघू या. मला नव्वद दिवसांचा व्हिसा आहे, सहा वाटांना पुष्कळ झाला.”

म्हणून ही वही. एका बाजूने वाटांच्या नोंदी, आणि उलट्या बाजूने हे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पहिली वाट: तळं. चर्चच्या मागून निघून अग्निशमन दलाच्या तळ्याला वळसा. चाळीस मिनिटं, आईंच्या चालीने.

आईंच्या अंगावर नऊवारी नाही, पण सुती पाचवारी, तिच्यावर माझ्या लेकीचा, निधीचा जुना निळा अ‍ॅनोरॅक आणि पायात स्पोर्ट्स शूज. वाटेत कुत्रा फिरवणारे एक आजोबा “मोइन” म्हणाले. आईंनी हात जोडून “राम राम” म्हटलं. आजोबांनी टोपी काढली. चार वर्षांत त्यांनी माझ्यासाठी टोपी काढलेली नाही.

निधीने माझा मजकूर तपासला. ती चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. “मम्मा, ‘बदके विचार करीत बसलेली असतात’ असं नाही लिहीत. बदकं म्हणजे बदकं.” मी ते वाक्य ठेवलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

तिसरी वाट. दुसरीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळा डांबरी रस्ता.

ही मात्र सुंदर आहे. चर्चच्या भिंतीला लागून एक लाकडी दार आहे. ते उघडलं की समोर गावातले शेतकरी हेर ग्रोटे यांचं शेत. जव कापून झालेला, सगळीकडे पिवळी धसकटं, आणि त्यांतून तिरकी निघालेली एक माणसाच्या रुंदीची पायवाट. ती शेताच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत जाते. तिथे एल्डरबेरीचं झुडूप आहे, ओहोळावर एक फळी टाकलेली आहे, आणि पलीकडे पॉपलरच्या झाडांखाली बाक. चढ नाही, पायऱ्या नाहीत. आईंच्या गुडघ्यांना अगदी सोयीची. फ्राऊ ओलमानही रोज एवढीच चालतात. त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालंय. बाकावर पाच मिनिटं बसून परत.

झुडपाशी गवतात एक दगड आहे. चौकोनी, वीतभर वर आलेला, डोक्यावर फुली कोरलेली. आई थांबल्या.

“हा कुणाचा?”

“हद्दीचा दगड आहे, आई. ग्रेन्झश्टाइन म्हणतात. इथे आपलं गाव संपतं.”

“म्हणजे शिवेवरचा.” त्यांनी वाकून भोवतीचं गवत बाजूला केलं. “कोरडा ठणठणीत आहे गं. याला कुणी पाणीसुद्धा घालत नाही?”

मी हसले. पावलं मोजत होते, आकडा विसरेन म्हणून फळीवरून पुढे गेले. आई बऱ्याच मागे राहिल्या. बाकावर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा प्रसन्न होता. मोकळी हवा मानवतेय त्यांना.

२३ ऑगस्ट, शनिवार

आईंना आता दुसरी कुठली वाट नकोच. मी बालवाडीतून दीड वाजता येते तेव्हा त्या बूट घालून बसलेल्याच असतात. “त्या शेतातल्या वाटेनेच जाऊ.” माझ्या तीन वाटा अजून बाकी आहेत हे सांगितलं, तर म्हणाल्या, “तू जा की तुझ्या वाटांनी. मला ही पाठ झालीय, मी एकटी जाईन.” आणि गेल्याही, दोनदा.

आज अ‍ॅनोरॅक धुवायला काढला. उजव्या खिशाचं अस्तर लाल झालं होतं. चाचपून पाहिलं तर आत कुंकवाचा छोटा चांदीचा करंडा.

मी मशीनपाशी कितीतरी वेळ उभी राहिले. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, जाऊन तीन वर्षं झाली. आईंनी त्या दिवसापासून कुंकू लावलं नाही. कुणी सांगितलंही नव्हतं, त्यांनी आपणच पुसलं. आणि आता इथे, जिथे कुणी बघणारं नाही, बोट दाखवणारं नाही, तिथे त्या वाटेवर एकट्या असताना लावत असतील का? आणि परत येताना पुसत असतील? मला इतकं भरून आलं. करंडा जागच्या जागी ठेवला. विचारायचं नाही असं ठरवलं. त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा त्या सांगतील. तोपर्यंत मी त्यांना एकटीला जाऊ देणार.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. मोदकांचं पीठ चिरलं, पण चव चांगली. निधीने सात खाल्ले.

आईंनी छोट्या डबीत थोडी हळद मागून घेतली. गुडघ्याला लेप लावत असणार.

३ सप्टेंबर, बुधवार

आज पहिल्यांदाच या गावातल्या शेतकऱ्याशी नीट बोलले! लिहून ठेवायला हवं.

मी आणि आई तिसऱ्या वाटेवर होतो. शेवटचं अंतर पक्कं करायचं म्हणून मी पुन्हा पावलं मोजत होते, हातात वही. हेर ग्रोटे बांधावर ट्रॅक्टर थांबवून खाली उतरले. साठीचे असतील. रुंद, लालसर, भुवयाही पिकलेल्या.

“तुम्ही पावलं मोजता,” ते म्हणाले.

“हो. गावातल्या सगळ्या वाटांची नोंद करतोय आम्ही. ऑक्टोबरपासून छापून येईल.”

“आणि रंग?”

खुणांबद्दल विचारतायत हे माझ्या लक्षात आलं. झाडांवर पिवळे बाण रंगवले तर बरं, असं फ्राऊ ओलमान एकदा बोलल्या होत्या. “रंगाचं अजून पक्कं नाही,” मी म्हटलं, “पण लावावा तर लागेलच. नाहीतर वाट कुठून आहे हे लोकांना कळणार कसं?”

त्यांनी माझ्या वहीकडे बघितलं. मग “सो, असं तर,” एवढंच म्हणाले आणि ट्रॅक्टरवर चढले.

“चांगला माणूस आहे,” आई म्हणाल्या. “हात बघितलेस? नांगर धरणारे हात आहेत.”

मला दिवसभर हलकं वाटत होतं. एवढं सलग जर्मन मी बालवाडीबाहेर क्वचितच बोलते. आणि त्यांना सगळं कळलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वाट गेली.

लाकडी दार उघडलं आणि समोर काळी माती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नांगरलेलं शेत, ढेकळं चमकत होती. वाटेची रेघसुद्धा नाही. दारापाशी एक खांब ठोकून त्यावर पाटी लावली आहे: खासगी जमीन, प्रवेश नाही. अक्षर हाताने काढलेलं.

आई पाटी वाचू शकत नाहीत. पण त्यांनी विचारलंही नाही. दाराच्या कडीवर हात ठेवून दूरच्या झुडपाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “चल घरी.”

१४ सप्टेंबर, रविवार

फ्राऊ ओलमान कॉफीला आल्या. त्यांना आमच्या जिन्याच्या चार पायऱ्यांनीही दम लागला. वाट बंद झाल्यापासून त्या चाललेल्या नाहीत. पॉपलरपर्यंत जायला आता मोठ्या रस्त्याच्या कडेने जावं लागतं. तिथे फूटपाथ नाही आणि गाड्या शंभराने जातात. “बसते आता खिडकीत,” त्या म्हणाल्या. “खिडकीतूनही पॉपलर दिसतात. वरचे शेंडे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. ती वाट कुठल्याही नकाशात नाही. जमीन पूर्ण ग्रोटेंची. त्यांचे वडील नांगरताना तेवढा पट्टा सोडायचे, कारण रविवारी लोक तिकडून चर्चला यायचे. मुलानेही तीच रीत ठेवली. कुणी मागितली नाही, कुणी लिहून दिली नाही. आता ग्रोटेंचं म्हणणं असं की नगरपालिका तिथून सायकलचा रस्ता काढायला बघतेय. गुपचूप मोजणी चालू आहे. पुरावा म्हणजे त्यांच्या हद्दीच्या दगडावर कुणीतरी लाल खूण केली आहे. मोजणीवाले करतात तशी. एकदा पुसली तर दोन दिवसांनी पुन्हा. सायकलचा रस्ता झाला की जमीन जाते, म्हणून त्यांनी वाटच मोडून टाकली.

“कमाल आहे,” मी म्हटलं. “न विचारता दुसऱ्याच्या दगडाला रंग लावायचा म्हणजे काय? नगरपालिकेला विचारायला हवं.”

“विचारलं. ते म्हणतात, आम्ही कुणालाच पाठवलं नाही.”

“मग खोटं बोलत असतील.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” फ्राऊ ओलमान म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. आमच्या देव्हाऱ्याकडे बघत होत्या.

आई आतल्या खोलीत पडून होत्या. पाय दुखतायत म्हणाल्या. न चालता कसे दुखतील?

१८ सप्टेंबर, गुरुवार

निधी शाळेतून आली आणि फोन माझ्यासमोर धरला. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी दगडाचा फोटो टाकला आहे. वर फुली, फुलीच्या मध्ये लाल ठिपका.

“मम्मा, मोठा करून बघ.”

मी मोठा केला. लाल ठिपक्याखाली पिवळं बोट ओढलेलं. आणि फुलीच्या खाचेत चार दाणे.

“आल्झो, मग,” निधी म्हणाली, “मोजणीवाले तांदूळ पण टाकतात का?”

मी खुर्चीत बसले. मी किती मूर्ख आहे. खिसा, करंडा, हळद. “रंगाचं अजून पक्कं नाही.” मी स्वतःच्या तोंडाने त्या माणसाला सांगितलं होतं की रंग लावावा तर लागेलच.

“आज्जीला सांगू नकोस,” मी निधीला म्हटलं.

निधी पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, “आज्जीला माहीत नाही असं वाटतं तुला?”

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आईंशी बोलले. त्या मेथी निवडत होत्या, मीही समोर बसून निवडू लागले.

“आई, त्या दगडाला तुम्ही...”

“मीच,” त्या म्हणाल्या. “आणखी कोण लावणार इथे?”

“मला सांगायचंत तरी.”

“तू पावलं मोजत होतीस.” एक काडी मोडली. “अगं, रोज त्याच्या अंगावरून जायचं आणि शिवेवरच्याला काही द्यायचं नाही, हे बरं दिसतं का? आपल्याकडे म्हसोबाला नारळ ठेवल्याशिवाय पेरणी करतं का कुणी? मला वाटलं, इथली माणसं विसरली असतील. करू आपण तेवढं. शेत त्याचंच राखायचं होतं की.”

“ते शेतकरी पुसत होते.”

“मला वाटायचं पावसाने जातंय.” मग, “परवा ती म्हातारी जिन्यात धापा टाकत होती, ती माझ्यामुळे ना?”

मी पुढची जुडी ओढली. मग माझं मलाच राहवेना, म्हणून करंड्याबद्दल मला काय वाटलं होतं ते सांगून टाकलं. आईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“मी चोरून कुंकू लावते? माझ्या कपाळाला? अगं, मला लावायचं असतं तर तुझ्या न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहून लावलं असतं आणि वर तुला विचारलं असतं, सरळ लागलंय का. मी कुणाला भिते?”

“मला भरून आलं होतं हो,” मी म्हटलं.

“तुला भरून यायला काय लागतं!”

हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “मागितलं एवढंच होतं त्या शिवेवरच्याजवळ, की मी गेल्यावर हिच्याकडे बघ. आल्यापासून बघतेय, तुझ्या फोनला इथल्या कुणाचा फोन येत नाही.”

मी मेथीचे देठ उगीच पुन्हा पुन्हा मोजत बसले.

२० सप्टेंबर, शनिवार

काल रात्री नवऱ्याला, हृषिकेशला सांगितलं. त्याने लॅपटॉप मिटला, म्हणजे गंभीर.

“कुणाला काही बोलू नकोस,” तो म्हणाला. “ग्रेन्झश्टाइन म्हणजे इथे खेळ नाही, सुकन्या. दगड हलवला तर गुन्हा होतो.”

“हलवला कुठे? हळदकुंकू लावलं.”

“ते त्याला समजावणार कोण? तू? आई नोव्हेंबरला जाईल. लोक विसरतील. पुढच्या वर्षी तो आपणच वाट सोडेल.”

“आणि फ्राऊ ओलमान?”

“त्या काय?”

“त्या पुढच्या वर्षीपर्यंत खिडकीत बसतील.”

“सगळं गाव तुझ्या अंगावर घेऊ नकोस. अजून आपण इथे नवे आहोत.” तो वाईट बोलत नाही. नऊ वर्षं तो ऑफिसात प्रत्येक वाक्य तोलून बोलतो, त्याला सवय झाली आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकायचं होतं. कुणाला काही बोलू नकोस. मी रात्री निवांत झोपले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस कुणाला काही बोलले नाही. बालवाडीत मुलांच्या दोन आया नगरपालिकेला शिव्या घालत होत्या. मी मान हलवली. घरी येताना वाटलं, हे मान हलवणं म्हणजे खोटं बोलणंच. सहा वाटा लिहून झाल्या आहेत. तिसऱ्या पानावर अजून लिहिलेलं आहे: “दार उघडा आणि सरळ चालू लागा, कुणी विचारणार नाही.”

ते वाक्य खोडवत नाही, आणि ठेवताही येत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज गेले. आईंना न सांगता जायचं होतं, पण दाराशी त्या बूट घालून उभ्या. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. “चूक माझी आणि माफी तू मागणार? मग मी कशाला आहे?”

ग्रोटेंच्या अंगणात डिझेल आणि बटाट्याचा वास. ते गोदामात पेरणीयंत्र साफ करत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाक्यं पाठ केली होती ती विसरले, मग जी आली ती बोलले. नगरपालिका नाही. सायकलचा रस्ता नाही. माझी सासू आहे. आमच्याकडे गावाच्या हद्दीवरच्या दगडाला देव मानतात आणि तो शेताची राखण करतो. त्याला लाल आणि पिवळं लावतात. मी पावलं मोजत होते ती फक्त चर्चच्या पत्रकासाठी.

ते फडक्याने हात पुसत ऐकत होते. बराच वेळ पुसत होते.

“मी तुम्हाला रंगाबद्दल विचारलं होतं,” ते म्हणाले.

“हो. मी दुसऱ्याच रंगाबद्दल बोलत होते.”

“तीन आठवडे मी झोपलो नाही. वकिलाकडे गेलो. भावाशी भांडलो, त्यानेच जमीन दाखवली असेल म्हणून.” आवाज चढला नव्हता. “दगडाला रंग.”

“काय म्हणतायत?” आईंनी विचारलं.

“तीन आठवडे झोपले नाहीत म्हणतात.”

आई दोन पावलं पुढे झाल्या आणि त्यांनी हात जोडले. डबा बगलेत दाबलेला, त्यामुळे जरा वाकड्याच उभ्या होत्या. मराठीत म्हणाल्या, “बाबा, तुझ्या शेताचं भलं व्हावं म्हणून केलं. तुला त्रास झाला. म्हातारीला माफ कर.” मी भाषांतर केलं. ‘बाबा’ गाळलं.

ग्रोटेंनी डबा घेतला. उघडून बघितलं, बंद केला, यंत्रावर ठेवला.

“माझ्या वडिलांनी तो पट्टा सोडला, कारण त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं,” ते म्हणाले. “आता सगळा गाव मागतोय. पत्रं आली आहेत मला, पाच. फ्राऊ ओलमानचं पण.”

“मग वाट पुन्हा...”

“नाही. शनिवारी गहू पेरतोय. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.” त्यांनी आईंकडे बघितलं आणि शब्द सुटेसुटे करत, मोठ्याने, जणू त्यामुळे कळेल, म्हणाले, “दगडाजवळ कुणी जायचं नाही. रंग नाही. तांदूळ नाही. तांदळाने कबुतरं येतात.”

परत येताना आई म्हणाल्या, “कबुतरांचं त्याचं बरोबर आहे.”

मी घरी येऊन फ्राऊ ओलमानना फोन केला आणि त्यांनाही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मला अंदाज होता. तुमच्या देव्हाऱ्यात तोच लाल रंग होता. तुम्ही सांगाल की नाही, ते बघत होते.”

२७ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर पेरणीयंत्राचा आवाज. संध्याकाळी हृषिकेश माझ्याजवळ खिडकीत येऊन उभा राहिला. “सांगितलंस ते बरं केलंस,” म्हणाला. मग, “मी सांगू शकलो नसतो.”

२८ सप्टेंबर, रविवार

येत्या गुरुवारी दसरा. सकाळी आई कॅलेंडर बघत होत्या.

“सीमोल्लंघन कसं करायचं गं इथे?”

दसऱ्याला गावची शीव ओलांडायची. विट्याला सगळा गाव संध्याकाळी वेशीबाहेर जायचा, त्या सांगू लागल्या. बाबा शेवटच्या वर्षी काठी टेकत गेले होते. ती एक संध्याकाळ त्यांनी कधी चुकवली नाही, लग्न झाल्यापासून आईंनीही नाही. गेली तीन वर्षं त्या एकट्याच जातात, म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यामागून.

मी म्हटलं, गाडीने जाऊ. बसने दुसऱ्या गावात उतरू. हद्दी काय, कितीतरी आहेत.

“गाडीत बसून कसली शीव ओलांडायची? पायाखाली कळली पाहिजे.” मग माझा चेहरा बघून, “जाऊ दे. दारातला उंबरा ओलांडू. तोही चालतो.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या. उंबरा चालतो असं त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा स्वतःशी.

२९ सप्टेंबर, सोमवार

हेर ग्रोटेंना पत्र लिहिलं. निधीने जर्मन तपासलं. या वेळी तिने एकही वाक्य बदललं नाही, फक्त स्वल्पविराम घातले. उद्या सकाळी बालवाडीला जाताना त्यांच्या टपालपेटीत टाकेन. त्यांना आलेलं हे सहावं पत्र. ते नाहीच म्हणणार. पेरणी होऊन दोन दिवस झाले आहेत, त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं आहे, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही नाही म्हटलं असतं. इथे मराठीत उतरवून ठेवते.

“आदरणीय हेर ग्रोटे,

तुम्ही सांगितलंत की दगडाजवळ कुणी जायचं नाही. आम्ही गेलेलो नाही. वाट परत मागण्यासाठी हे पत्र नाही. ती तुमची होती आणि तुम्ही ती इतकी वर्षं आम्हाला दिलीत, हे मला वाट गेल्यावर कळलं. माझ्या लेखातून मी ते पान काढून टाकलं आहे.

गुरुवारी आमचा एक सण आहे. त्या दिवशी संध्याकाळी माणसं आपल्या गावाची हद्द पायी ओलांडतात आणि परत येतात. एवढंच करायचं असतं. माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. नोव्हेंबरमध्ये त्या परत जातील. पुढच्या वर्षी व्हिसा मिळेल का, आणि त्यांचे गुडघे एवढा प्रवास करू देतील का, ते मला माहीत नाही. या गावाची हद्द त्यांना एकाच जागी माहीत आहे.

आम्ही पेरलेल्या जमिनीवर पाय ठेवणार नाही. तुम्ही बांधाच्या कडेला हातभर गवत सोडलं आहे, त्यावरून एकामागे एक चालू. रंग आणणार नाही. तांदूळ आणणार नाही. हातात काहीच नसेल. हवं तर तुम्ही तिथे उभे राहा आणि बघा. सासूबाई दगडाला हात लावणार नाहीत, मी लावू देणार नाही.

तुमचं उत्तर काय असेल याची मला कल्पना आहे. तरीही विचारते, कारण न विचारता केलेल्या एका गोष्टीने आधीच एवढं झालं आहे.

गुरुवारी चार वाजता माझ्या सासूबाईंना त्या दगडाच्या पलीकडे एक पाऊल टाकू द्याल का?”